एक फेज गेल्यावर

लताबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती छत मोजायला. ओझरहून निफाडच्या अंगाला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की द्राक्षबागांच्या मधून एक अरुंद डांबरी रस्ता जातो. तो संपतो तिथे गाव सुरू होतं आणि गाव संपतं तिथे लताबाईंचं घर. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, मोजलं तर लाइनीवरचं शेवटून दुसरं. शेवटचं झुंबर तात्यांचं.

अंतर मुद्दाम सांगते आहे. मी घरांवर सोलर बसवायचं काम करते. पॅनल चढवायचं काम आमचा फिटर अश्विन आणि त्याची माणसं करतात. पॅनल किती लागतील, पॅनलची वीज घराच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर कोणता घ्यायचा, घरातलं वायरिंग ते सोसेल का, हे मी बघते. घर लाइनीच्या टोकाला असलं की माझं अर्धं लक्ष छतावर आणि अर्धं खांबाकडे असतं.

लताबाईंचा मुलगा महेश ओझरच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने मला ओट्यावरचा बोर्ड दाखवला. मीटरखाली लाकडी फळीवर चिनी मातीचे तीन फ्यूज, शेजारी मेन स्विच, आणि त्याच्या बाजूला लाल कापडात गुंडाळलेलं, मुठीएवढं काहीतरी. कापडावर सुताचे घट्ट वेढे होते. बाकी बोर्डावर धूळ साचलेली, कापड मात्र धुतलेलं.

"हे काय, देव आहे?" मी विचारलं.

महेश हसला. "देव नाही मॅडम. चेंजर आहे. दादांनी, म्हणजे वडिलांनी बसवलेला. दादा वायरमन होते. ते गेल्यापासून आई त्याला कुणाला हात लावू देत नाही. आठवण म्हणून ठेवलाय."

"आठवण ठेवायची तर भिंतीवर फोटो आहे की," आतून महेशची बायको उज्वला म्हणाली. तिचं शिलाई मशिन ओट्यालगतच्या खोलीत चालू होतं. "मॅडम, आमच्याकडे मीटर तीन फेजचं आणि अख्खं घर एका फेजवर. लाल गेला की माझं मशिन बंद. शेजारी पंखे गरगर फिरतात आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतो. वायरमनच्या घरची सून म्हणे!"

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डीपीवरून गावात विजेच्या चार तारा येतात. तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. तीन फेजना लाल, पिवळा, निळा अशी नावं आहेत. घराला दिवे-पंख्यांसाठी त्यातला एक पुरतो. पण खेड्यात कधी फांदी पडते, कधी डीपीवरचा फ्यूज उडतो, आणि तिन्हींतला एकच फेज जातो. म्हणून ज्यांना परवडतं ते तिन्ही फेज घरापर्यंत घेतात आणि मध्ये चेंजर बसवतात. चेंजर म्हणजे एक फिरवायचं बटण. लाल गेला तर पिवळ्यावर फिरवायचं, पिवळा गेला तर निळ्यावर. कुठला तरी एक चालू असतोच.

लताबाईंच्या घरचा चेंजर लालवर बांधून ठेवलेला होता.

लताबाई ओट्याच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, डोक्यावरचा पदर सतत सारखा करायची सवय. माझ्याकडे बघत होत्या, पण बोलत नव्हत्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून झुंबर तात्या आले. त्यांच्या छतावर दोन वर्षांपासून सोलर होतं, त्यामुळे गावातले जाणकार तेच.

"महेश, सिंगल फेजचंच घे," ते बसायच्या आधीच म्हणाले. "माझं बघ. सोलर लाल फेजवर सोडलंय. मग काय केलं, फ्रिज लालवर, टीव्ही लालवर, तुझ्या काकूचा मिक्सरसुद्धा लालवर. पिवळ्यावर फक्त देवघरातला दिवा. देवाला बिलाचं काय!"

"तात्या, तुमचं मीटर तीन फेजचं आहे ना?" मी विचारलं.

"तीनचंच."

"मग ते तिन्ही तारांची बेरीज-वजाबाकी एकत्रच करतं. समजा, लाल तारेतून तुमची वीज बाहेर चालली आहे आणि त्याच वेळी पिवळ्या तारेतून तेवढीच आत येते आहे. मीटरच्या लेखी काही गेलं नाही आणि काही आलंही नाही."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे फ्रिज पिवळ्यावर असता तरी…"

"बिल तेवढंच."

"आन् मी दिवाळीत भिंती फोडून सगळं वायरिंग लालवर आणलं ते?"

"भिंतींना रंग तरी नवा लागला तात्या," उज्वला आतून म्हणाली. लताबाईंच्याही ओठांना हसू येऊन गेलं. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

महेशला मात्र उत्तर हवं होतं. त्याला पाच किलोवॅटचं सोलर हवं होतं. उज्वलाला अजून दोन मशिनं घ्यायची होती. मी म्हटलं, एवढी वीज एकाच तारेत ढकलली तर लाइनीच्या टोकाला त्या तारेचं व्होल्टेज चढतं. फार चढलं की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. भर दुपारी, ऊन ओतत असताना. तीन फेजचा इन्व्हर्टर तीच वीज तिन्ही तारांत सारखी वाटून देतो, म्हणून तो बरा.

"आणि बिल? शून्य?"

"शून्य नाही. तीन फेजचा स्थिर आकार भरावाच लागतो. बाकी दिवसा बाहेर दिलेली युनिटं आणि रात्री आत घेतलेली युनिटं एकमेकांतून वजा होतात. जास्तीची पुढच्या महिन्याच्या खात्यावर जमा राहतात."

"पण तीनवाल्याचं एक वाईट आहे ना," तात्या म्हणाले. "एक फेज गेला की सगळंच बसतं. आमच्याकडं तर आठवड्याआड एक फेज जातोच."

ते खरं होतं. मी तसं सांगितलं. महेश विचारात पडला. तेव्हा कोपऱ्यातून लताबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लाइट गेल्यावर तुमचं सोलर चालतं का गं?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्याचं उत्तर ऐकून प्रत्येक घरात निराशा होते. मी ठरलेल्या आवाजात म्हणाले, "नाही मावशी. बॅटरी लावली तर चालतं, पण हे साधं आहे. लाइनीत वीज नसली की इन्व्हर्टर बंद होतो."

"कोण बंद करतं?"

"कुणी करावं लागत नाही. त्याचं त्याला कळतं."

"ऊन असलं तरी?"

"ऊन असलं तरी. लाइट गेलेली असते तेव्हा खांबावर कुणी काम करत असेल. आपल्या छतावरची वीज तारेतून उलटी त्याच्यापर्यंत जायला नको."

त्यांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "आन् तीनमधला एकच गेला तर?"

"तीन फेजचा असेल तर एक गेल्यावरही तो सगळं बंद करतो. तिन्ही नीट आल्याशिवाय सुरू होत नाही."

लताबाईंनी पाकळी वाटीत टाकली, मांडीवरची सालं पदरातून झटकली आणि मुलाला म्हणाल्या, "तीनवालंच बसव."

महेशला वाटलं, आईला माझं व्होल्टेजचं म्हणणं पटलं. मलाही तसंच वाटलं.

परवानगीचे कागद झाले, सामान आलं. अश्विनची माणसं पॅनलचे पाय रोवायला छतावर चढली त्या दिवशी मी ओट्यावरचा बोर्ड बदलायला बसले. जुनी लाकडी फळी ठेवून चालणार नव्हतं. तिन्ही फेज घरात वेगवेगळे न्यायचे, नवा ब्रेकर टाकायचा, आणि चेंजर काढायचा. महेशने आईला सांगितलं होतं. ती काही बोलली नाही, असं तो मला फोनवर म्हणाला. त्याची पहिली पाळी होती. उज्वला दोरे आणि अस्तर आणायला ओझरला गेली होती.

मी पेचकस हातात घेतला आणि लताबाई माझ्यापुढे चटई टाकून बसल्या.

"चहा घे आधी."

चहा घेतला. त्यांनी घेतला नाही. त्या लाल कापडाकडे बघत होत्या.

"रोहिणी ना तुझं नाव? एक विचारू का. पण तोंडदेखलं सांगायचं नाय. मी वायरमनची बायको हाय. तू खोटं बोललीस तर मला लगेच कळंल."

"विचारा मावशी."

"हे बटण लालवरनं पिवळ्यावर फिरवलं, तर पिवळ्याची वीज लालच्या तारेत बाहेर जाती का?"

मला प्रश्न कळला, पण तो का विचारताहेत ते कळलं नाही. माझा चेहरा बघून त्या सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही, थांबल्या नाहीत. हे सगळं मनात अनेकदा बोलून झालेलं असावं.

महेश तेव्हा चार वर्षांचा होता. उन्हाळा होता आणि पोराला ताप होता. सकाळी वारा सुटला आणि फाट्याजवळ लाल फेजची तार तुटली. पुंजा, म्हणजे लताबाईंचे यजमान, पक्कड आणि दोर घेऊन निघाले. जाताना म्हणाले, बाकीचे दोन फेज चालूच ठेवतो, लोकांच्या घरात लेकरंबाळं आहेत, निदान काहींचे पंखे तरी फिरू देत. डीपीवरचा फक्त लालचा फ्यूज काढला आणि ते खांबावर चढले.

"इकडं पोरगं घामानं भिजलं. पंखा बंद. यांनीच मला शिकवलं व्हतं, लाल गेला की चेंजर पिवळ्यावर टाकायचा. मी टाकला. पंखा सुरू झाला. पोरगं झोपलं. थोड्या येळानं माणसं पळत आली."

तार मेलेली समजून पुंजांनी तिला हात घातला होता. ती मेलेली नव्हती.

"समदे म्हणाले, कुणाच्या तरी घरातनं रिटर्न आला, उलटी वीज आली. कुणाच्या ते कळलं नाय. चौकशी झाली, साहेब येऊन गेले. मी दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवला तर पंखा तसाच चालू. बटण पिवळ्यावर. मीच फिरवलेलं." त्यांनी पदर सारखा केला. "तवाच ते लालवर केलं आन् कापड बांधलं. महेशला वाटतं बापाची आठवण म्हणून जपती. आठवण कशाची? भ्या वाटतं म्हणून बांधलंय."

"एवढ्या वर्षांत कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला इचारू? यांच्या संगतीच्या माणसांना? हो म्हणाले असते तर? पोराला काय तोंड दाखवलं असतं? तुझ्या बापाला मीच…" त्या थांबल्या. "पण आता तू हे काढणार. काढल्यावर कुणालाच कधी कळायचं नाय. आन् तू परकी हायस. जे आसंल ते ऐकून मी तुला चहा देईन आन् तू जाशील."

उत्तर मलाही माहीत नव्हतं. नीट बनवलेला चेंजर एक फेज पूर्ण सोडतो आणि मगच दुसरा धरतो. दोन फेज एकमेकांना चिकटत नाहीत. पण मी वाईट बनावटीचेही पाहिले आहेत. एका कोंबड्यांच्या शेडवर असा एक निघाला होता की फिरवताना आतल्या पट्ट्या एकाच वेळी दोन्हींना टेकायच्या. तसा हा असला तर पिवळ्याची वीज लालमध्ये गेली असेल, आणि लालमधून खांबावर. मग मी काय सांगणार होते? डोक्यात पटकन येऊन गेलं की कापड न सोडताच म्हणावं, नाही मावशी, तसं होत नाही. त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

"बघूनच सांगते," मी म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांसमोर तिन्ही फ्यूज उपसून खाली ठेवले. टेस्टरने तारा मेल्याची खात्री करून घेतली. सुताची गाठ सुटेना, तेव्हा लताबाईंनीच दाताने तोडली. कापडाखालून काळं गोल बटण निघालं. आर, वाय, बी ही अक्षरं अजून पांढरी होती. मी मागचं झाकण काढलं. आतल्या तीन तारा लाल, पिवळी, निळी, प्रत्येकीचं टोक कापडी पट्टीने बांधलेलं, तिन्ही एका मापाने वाकवलेल्या. आजकाल एवढं कुणी करत नाही. जळाल्याची खूण नव्हती. फ्यूजपाशीही मी बघितलं. कुठे दोन फेजना जोडणारी आडवी तार लावल्याचा ओरखडा नव्हता.

"यांनीच बसवलं," लताबाई वाकून बघत म्हणाल्या. "जेवायचं सोडून बसले व्हते दिवसभर."

मी मल्टीमीटर काढला. "मावशी, हे बघा. याच्या या दोन काड्या. दोन्हींच्या मध्ये विजेला जायला वाट असली की हे वाजतं." काड्या एकमेकींना टेकवल्या. मीटर पीं करून वाजलं. "वाट नसली की गप्प. आता मी एक काडी लालच्या तारेला धरते, दुसरी पिवळ्याच्या. बटण तुम्ही फिरवा."

"मी नाय. तूच फिरव."

"मी फिरवलं तर उद्या तुम्हाला वाटेल, पोरीने आपल्यासाठी काहीतरी केलं."

त्यांचा हात पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. वर छतावर अश्विनचं ड्रिल सुरू झालं. मी ओरडून त्याला थांबायला सांगितलं. मग काहीच आवाज नव्हता. लताबाईंनी बटण धरलं. घट्ट बसलं होतं. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला आणि फिरवलं. खट.

बटण पिवळ्यावर आलं. मीटर गप्प होतं.

"हळू फिरवा. मध्ये थांबवायचा प्रयत्न करा."

त्यांनी उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं, मध्येच अडवून धरायला बघितलं. खट, खट. मीटर गप्प. लाल आणि निळ्यात धरलं, गप्प. पिवळ्या आणि निळ्यात, गप्प. शेवटी मी एक काडी पिवळ्याच्या तारेला ठेवली आणि दुसरी घरात जाणाऱ्या तारेला. "आता पिवळ्यावर न्या." त्यांनी नेलं. पीं.

त्या दचकल्या.

"ही वाट घरात जायची आहे मावशी. पंख्याची. बाहेर जायची वाट यात नाही. कशीही फिरवली तरी नाही. तुमच्या हातून काही गेलं नाही."

त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं. मग पुन्हा. मी काड्या धरून बसले. माझे हात अवघडले, पण मी सोडलं नाही. कितीदा फिरवलं ते मोजलं नाही. एकदाचा त्यांनी हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ तळव्याकडे बघत राहिल्या.

"पंखा चालू ठेवला असता तरी चाललं असतं मग," त्या म्हणाल्या. "त्या उन्हाळ्यात मी पोराला पुन्हा पंखाच लावला नाय."

रडतील असं वाटलं होतं. रडल्या नाहीत. उठून आत गेल्या, माझ्यासाठी पुन्हा चहा ठेवला, आणि या वेळी स्वतःचाही कप घेऊन आल्या. दोन घोट घेतल्यावर म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरातनं गेली."

"हो."

"त्याला म्हाईत आसंल का गं?"

"असेलही. नसेलही."

"आसंल तर…" त्यांनी कप खाली ठेवला. "तर तोबी बसला आसंल माझ्यासारखा, कापड बांधून."

जुना बोर्ड उतरवला. चेंजर मी त्यांच्या हातात दिला. ठेवा म्हटलं, आता खरंच आठवण म्हणून. त्यांनी तो पदराने पुसला आणि फोटोखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. उघडाच. संध्याकाळी महेश आला तेव्हा त्याने विचारलं, आईने कापड सोडू दिलं? मी म्हटलं, त्यांनीच सोडलं. बाकी सांगायचं की नाही, ते त्यांच्यावर होतं.

नवं मीटर बसलं, सोलर सुरू झालं. पहिलं बिल आल्यावर महेशने मला बोलावलं. त्यातली घेतलेली युनिटं आणि दिलेली युनिटं त्याला नीट समजून घ्यायची होती. मी गेले ती दुपारची वेळ होती. ऊन कडक होतं, उज्वलाची दोन मशिनं चालू होती, दुसऱ्यावर शिवायला येणारी एक मुलगी. ओट्यावर बसून मी बिलावर बोट ठेवून सांगत होते, तोच दोन्ही मशिनं बसली. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा गेला आणि लाल लागला.

"गेला!" उज्वला बाहेर आली. "एवढं ऊन पडलंय आणि हे बघा!"

मी इन्व्हर्टरच्या पडद्यावर बघितलं. लाल फेज नव्हता, मशिनं त्याच्यावरच होती. बाकी दोन होते. खोलीत निळ्या फेजवरचा पंखा फिरत होता, पण इन्व्हर्टरने सगळं थांबवलं होतं.

थोड्या वेळाने लताबाई ओट्याच्या कडेशी आल्या. कपाळावर हात धरून त्यांनी लाइनीकडे पाहिलं. फाट्याच्या बाजूला दुसऱ्या खांबापाशी एक मोटारसायकल उभी होती. "शेखर आलाय," त्या म्हणाल्या. शेखर हा आताचा वायरमन, तरुण. "चढतोय बघ."

आणि मग त्या चपला न घालताच ओट्यावरून खाली उतरल्या आणि कुंपणाकडे निघाल्या. का, ते मला पलीकडे बघितल्यावर कळलं.

झुंबर तात्या त्यांच्या ओट्यावर मीटरसमोर उभे होते. हातात वीतभर तार होती, दोन्ही टोकं सोललेली. खेड्यात ही तार घरोघरी खिळ्याला लटकलेली असते. एक फेज गेला की चालू फेजच्या फ्यूजवरून गेलेल्या फेजच्या फ्यूजला ही तार आडवी लावायची, की सगळं घर चालतं. आधी गेलेल्या फेजचा फ्यूज उपसायचा असतो. तो राहिला तर चालू फेजची वीज घराबरोबर बाहेरच्या मेलेल्या तारेतही जाते. तात्यांच्या बाबतीत तर अजून एक होतं. त्यांचा इन्व्हर्टर लालवर होता. लाल गेल्यावर तो शहाण्यासारखा थांबला होता. पण तार लावून लालमध्ये वीज दिसली की त्याला वाटलं असतं, लाइन आली. मग तोही सुरू झाला असता आणि छतावरची वीज त्याच तारेत ओतली असती.

मी धावले. लताबाई माझ्या आधी पोचल्या होत्या.

"झुंबर."

"या वहिनी. जरा फेज मारतो, फ्रिजमदी दूध हाय. सोलरबी बसलंय."

"ती तार दे इकडं."

"अहो, मी फ्यूज काढतो आधी."

"दर टायमाला?"

तात्या हसणार होते. तसं तोंडही केलं. मग त्यांनी हातातल्या तारेकडे पाहिलं. तिचं आवरण पिवळं पडून कडक झालेलं, जागोजागी तडकलेलं होतं. लाल फ्यूज अजून जागेवरच होता. तो मलाही दिसत होता.

"शेखर खांबावर हाय," लताबाई म्हणाल्या.

तात्यांचा हात खाली आला. फाट्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ही तार लय जुनी हाय. त्या वक्तीबी…"

"नको," लताबाई म्हणाल्या.

"मला नीट आठवत नाय वहिनी. फ्यूज काढला व्हता का नव्हता. किती येळा आठवून बघितलं. कधी वाटतं काढला व्हता…"

"नको सांगू झुंबर." त्यांनी हात पुढे केला. "मीबी लय वर्सं आठवत बसले. माझं कोडं या पोरीनं सोडवलं. तुझं कोण सोडवणार? दे ती तार."

तात्यांनी तार त्यांच्या हातावर ठेवली आणि ओट्यावर खाली बसले. टोपी काढून मांडीवर धरली. त्यांची मान वर होईना.

"पंखा चालू राहावा वाटतं माणसाला," लताबाई म्हणाल्या. ते तात्यांना म्हणाल्या की स्वतःला, मला कळलं नाही. "यांनाबी तेच वाटलं. म्हणून दोन फेज चालू ठिवले."

त्या परत आल्या नाहीत. तात्यांच्या ओट्यावरच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. तार हातात गुंडाळत. मी उभीच होते. तिघंही आम्ही खांबाकडे बघत होतो. शेखरची आकृती वर वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. मग तो सावकाश खाली उतरला, मोटारसायकलवर बसून डीपीकडे गेला, आणि थोड्या वेळाने तात्यांच्या घरातला फ्रिज घरघरला.

"आली," पलीकडून उज्वला ओरडली. "पण सोलर अजून लालच दाखवतंय मॅडम!"

"थांब, तोवर मशिनंही लावू नकोस," मी म्हटलं. लाइन आली तरी इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. तिन्ही फेज खरंच नीट आले आहेत का, टिकताहेत का, हे तो थोडा वेळ नुसता बघत राहतो. गिऱ्हाइकांना तेवढाही वेळ जड जातो. त्यावरून मी अनेकांची बोलणी खाल्ली आहेत.

लताबाई तात्यांना म्हणाल्या, "दूध तापव जा. नासंल." मग उठल्या आणि कुंपण ओलांडून परत आपल्या ओट्याच्या कडेशी जाऊन उभ्या राहिल्या; मीही मागोमाग गेले. त्यांची नजर लाल दिव्यावर होती. उज्वला चुळबुळत होती, दोन ब्लाउज आज द्यायचे म्हणत होती.

"थांबू दे त्याला," लताबाई म्हणाल्या. "नीट खात्री करू दे."

दिवा हिरवा झाला तेव्हा उज्वला आत गेली आणि दोन्ही मशिनं एकदम सुरू झाली.